एकच वस्तू, दोन फोन, दोन भाव: ऑनलाइन खरेदीत तुमचा फोन दुकानदाराला काय काय सांगतो?

नेवासा तालुक्यातल्या घोडेगावच्या बाजारात कांद्याचा लिलाव सुरू झाला की व्यापाऱ्यांचा घोळका गोण्यांच्या रांगेतून पुढे सरकत जातो. कांदा हातात घेऊन पाहिला जातो, बोली पुकारली जाते, वाढत जाते आणि एका आकड्यावर थांबते. माल ज्याचा, तो शेतकरी तिथेच उभा असतो. शेजारच्या गोणीचा मालकही तो आकडा ऐकतो. आपल्या कांद्याला शंभर रुपये कमी का लागले, हे त्याला विचारता येतं, कारण दुसऱ्याला किती लागले हे त्याला माहीत असतं.

समजा, त्याच शेतकऱ्याने दुपारी घरी आल्यावर फोन काढला आणि बॅटरीवर चालणारा फवारणी पंप शोधला. पंपाचा भाव स्क्रीनवर आला. हा भाव आणखी कुणाला दिसतोय? शेजारच्या गावातल्या माणसाला हाच दिसतोय का? पुण्यात शिकणाऱ्या त्याच्या मुलीच्या फोनवर? ते कळायला मार्ग नाही. इथे भाव एकट्यालाच दाखवला जातो.

आपल्याकडच्या जुन्या बाजारांना ही गोष्ट नवी नाही. पूर्वी व्यापारी आणि अडत्या रुमालाखाली एकमेकांचा हात धरायचे, बोटं दाबून भाव सांगायचे आणि सौदा पक्का करायचे. याला हत्ता पद्धत म्हणत. शेतकरी समोर उभा असून त्याला काही कळायचं नाही. म्हणूनच बाजार समित्यांच्या कायद्यांनी उघड लिलावाचा आग्रह धरला. महाराष्ट्रात असा कायदा १९६३ साली झाला.

ऑनलाइन खरेदीत तो रुमाल परत आला आहे का, आणि आला असेल तर त्याखाली नेमकं काय चालतं, हे समजून घेऊ.

भाव बदलला म्हणजे फसवणूक झाली, असं नाही

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. ऑनलाइन भाव खाली-वर झाला की लगेच ‘माझ्यावर पाळत ठेवून भाव वाढवला’ असं सोशल मीडियावर लिहिलं जातं. बऱ्याच वेळा कारण साधं असतं.

दिवाळीत नेवासा फाट्यावरून पुण्याला जायचं असेल तर खासगी ट्रॅव्हल्सचं भाडं किती होतं, हे वेगळं सांगायला नको. एसटी महामंडळानेही काही वर्षं दिवाळीत १० टक्के हंगामी भाडेवाढ केली आहे. रेल्वेने सप्टेंबर २०१६ पासून राजधानी, शताब्दी, दुरांतो या गाड्यांना ‘फ्लेक्सी फेअर’ लावलं. जसजशा जागा भरत जातील तसतसं मूळ भाडं १०-१० टक्क्यांनी वाढत जातं. विमानाच्या तिकिटांचंही असंच आहे. एकाच विमानातल्या जागा वेगवेगळ्या दरांच्या गटांत विभागलेल्या असतात. स्वस्त गटातल्या जागा संपल्या की पुढचा गट उघडतो. तुम्ही सकाळी तिकीट पाहिलं, घरात विचारलं, संध्याकाळी पुन्हा पाहिलं आणि ७०० रुपये वाढलेले दिसले, तर मधल्या वेळेत कुणीतरी स्वस्त जागा घेऊन टाकल्या असण्याची शक्यता मोठी आहे. त्यात तुमच्या ‘सर्च हिस्ट्री’चा हात असेलच असं नाही.

या सगळ्याला ‘डायनॅमिक प्रायसिंग’ म्हणतात, म्हणजे मागणीनुसार हलणारा भाव. तो त्रासदायक असतो, पण त्या क्षणी सगळ्यांना सारखाच असतो. त्यामुळे सरकारला त्यावर मर्यादाही घालता येते. खासगी ट्रॅव्हल्सनी एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त भाडं घेऊ नये, असा निर्णय महाराष्ट्र सरकारने एप्रिल २०१८ मध्ये काढला. तो किती पाळला जातो, हे दिवाळीत प्रवास करणाऱ्यांनाच विचारा. पण निदान तक्रार करायला एक आकडा हातात आहे.

दुसरा प्रकार वेगळा आहे. एकच वस्तू, एकच वेळ, पण समोर कोण आहे हे पाहून भाव वेगळा. याला ‘पर्सनलाइज्ड प्रायसिंग’ म्हणतात. अमेरिकेत आता त्याला ‘सर्व्हेलन्स प्रायसिंग’, म्हणजे पाळत ठेवून लावलेला भाव, असंही म्हटलं जातं. इथे मागणी किती आहे यापेक्षा हा माणूस किती द्यायला तयार होईल, याचा अंदाज बांधला जातो. आणि असा अंदाज बांधायचा तर आधी माणसाची माहिती लागते.

माहिती जाते कशी?

या यंत्रणेतला सगळ्यात जुना तुकडा म्हणजे कुकी. १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू मॉन्टुली या इंजिनिअरने ती तयार केली. वेबसाइटला काही लक्षात राहायचं नाही, ही तेव्हाची अडचण होती. तुम्ही एक वस्तू पिशवीत टाकली आणि दुसऱ्या पानावर गेलात की पिशवी रिकामी. म्हणून ग्राहकाच्या ब्राउझरमध्येच एक छोटी चिठ्ठी ठेवायची आणि पुढच्या वेळी ती वाचायची, अशी युक्ती निघाली. हेतू सरळ होता. पुढे जाहिरात कंपन्यांनी हीच चिठ्ठी हजारो वेबसाइटवर ठेवायला सुरुवात केली आणि एकच कंपनी तुम्ही सकाळी बातम्या कुठे वाचल्या, दुपारी औषध कोणतं शोधलं, रात्री कोणत्या साड्या पाहिल्या हे जोडू लागली.

सफारी आणि फायरफॉक्स या ब्राउझरनी अशा परक्या कुकी बऱ्याच अंशी बंद केल्या. क्रोम बंद करणार असं गूगलने २०२० मध्ये जाहीर केलं, तारखा पुढे ढकलल्या आणि शेवटी २०२४ मध्ये तो बेतच बदलला.

पण आपल्याकडची बहुतेक खरेदी ब्राउझरमधून होतच नाही. ती ॲपमधून होते. तिथे कुकीपेक्षा पक्की ओळख असते. प्रत्येक अँड्रॉइड फोनला एक जाहिरात क्रमांक असतो, ‘ॲडव्हर्टायझिंग आयडी’. वेगवेगळी ॲप तो क्रमांक वाचतात आणि या फोनवर काय काय झालं याची नोंद त्या क्रमांकावर जमा होते. आयफोनमध्ये एप्रिल २०२१ पासून ॲपला त्यासाठी आधी विचारावं लागतं. ‘आस्क ॲप नॉट टू ट्रॅक’ ही पाटी तीच.

यापेक्षाही पक्की ओळख आपण स्वतःच देतो, ती म्हणजे मोबाइल नंबर. भारतात माणूस फोन बदलतो, गाव बदलतो, पण नंबर वर्षानुवर्षं तोच ठेवतो. बँक, आधार, गॅस, शाळेचा ग्रुप, सगळं त्यावर. त्यामुळे कपड्यांच्या दुकानात बिल करताना ‘नंबर सांगा’ म्हटलं की आपण सांगून मोकळे होतो. दुकान आपल्या ग्राहकांच्या नंबरांची यादी जाहिरात कंपनीकडे चढवू शकतं. तिथे ते नंबर सांकेतिक रूपात जुळवले जातात आणि ‘हे लोक आमचे ग्राहक आहेत, यांना जाहिरात दाखवा’ किंवा ‘यांच्यासारखे आणखी लोक शोधा’ असं सांगता येतं. रात्री इन्स्टाग्रामवर त्याच दुकानाची जाहिरात दिसते ती कधी कधी अशी आलेली असते. बिलासाठी मोबाइल नंबरची सक्ती करता येणार नाही, असं केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये दुकानदारांना बजावलं आहे. काउंटरवर हे सांगायचा मात्र संकोच वाटतो, मागे रांग असते.

याशिवाय फोनचं मॉडेल, बॅटरी, भाषा, तुम्ही कोणत्या वेळी ॲप उघडता, एखाद्या वस्तूवर किती सेकंद थांबता, पिशवीत टाकून न घेता सोडून देता का, पत्ता कोणत्या पिनकोडचा, कॅश ऑन डिलिव्हरी निवडता का, हे सगळं ॲपला दिसू शकतं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये काही मध्यस्थ कंपन्यांच्या कागदपत्रांचा अभ्यास करून प्राथमिक निष्कर्ष मांडले. ग्राहकाचं ठिकाण, त्याने आधी काय पाहिलं, इतकंच काय, माऊस पानावर कसा फिरतो आणि पिशवीत काय टाकून सोडलं, अशा गोष्टींच्या आधारे भाव किंवा सवलती ठरवण्याची साधनं या कंपन्या दुकानदारांना पुरवतात, असं त्यात म्हटलं होतं.

जाहिरातींच्या जागेचा तर चक्क लिलाव होतो. तुम्ही बातमीचं पान उघडता आणि ते पूर्ण दिसायच्या आत, सेकंदाच्या दहाव्या भागात, तुमच्याबद्दलचा तपशील अनेक कंपन्यांकडे जातो, त्या बोली लावतात आणि जिंकणाऱ्याची जाहिरात तुमच्यासमोर येते. घोडेगावात शेतकरी कांद्याच्या बाजूने उभा असतो. या लिलावात तो कांद्याच्या जागी असतो.

‘फोन आपलं बोलणं ऐकतो का?’

हा प्रश्न प्रत्येक घरात एकदा तरी निघतो. घरात मिक्सरबद्दल बोललो आणि तासाभरात मिक्सरची जाहिरात आली! अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये १७ हजारांहून जास्त अँड्रॉइड ॲप तपासली. एकही ॲप गुपचूप माइक सुरू करून आवाज बाहेर पाठवताना त्यांना सापडलं नाही. काही ॲप स्क्रीनवर काय चाललंय याचं चित्रण मात्र पाठवत होती.

मग मिक्सर आला कुठून? तुम्ही फक्त बोललात, पण घरातल्या दुसऱ्या कुणीतरी त्याच वायफायवरून शोधला असेल. किंवा ज्यांच्याशी बोललात त्यांनी शोधला, आणि तुमचे दोघांचे फोन तासभर एकाच ठिकाणी होते. किंवा लग्नसराई सुरू आहे आणि मिक्सरची जाहिरात सगळ्यांनाच दिसतेय, तुम्हाला ती फक्त आज जाणवली. ऐकल्याशिवाय इतका अचूक अंदाज बांधता येतो, हे खरं तर जास्त काळजीचं आहे.

अंदाज चुकतोही, आणि भरपूर चुकतो. नेवाशातल्या फोनवर पुण्यातल्या टू बीएचके फ्लॅटची जाहिरात येते, कारण मोबाइल डेटाच्या आयपी पत्त्यावरून ठिकाण काढलं तर बऱ्याचदा गाव कळत नाही, कंपनीच्या नेटवर्कचं मोठं शहर कळतं. ॲपला लोकेशनची परवानगी दिली असेल तर मात्र गल्लीपर्यंत कळतं. तसंच फवारणी पंपाचं. शेतकऱ्याने ऑनलाइन पाहून शेवटी घोडेगावच्याच दुकानातून रोख पैसे देऊन पंप घेतला, तरी पंपाच्या जाहिराती पुढचे पंधरा दिवस त्याच्या मागे फिरतात. खरेदी झाली हे त्या यंत्रणेला समजलेलंच नसतं.

भाव खरंच वेगळा लावतात का?

याची सगळ्यात जुनी आणि गाजलेली गोष्ट सप्टेंबर २००० मधली आहे. ॲमेझॉन तेव्हा अमेरिकेत डीव्हीडी विकायचं. एका ग्राहकाला ‘टायटस’ या सिनेमाची डीव्हीडी २६.२४ डॉलरना दिसत होती. त्याने आपल्या कॉम्प्युटरमधल्या कुकी पुसल्या आणि तीच डीव्हीडी २२.७४ डॉलरला दिसू लागली. ग्राहक चर्चा करू लागले, आकडे जुळवू लागले, आरडाओरडा झाला. भावांची ही चाचणी होती आणि भाव यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखे, दिले होते, ग्राहक कोण हे पाहून नव्हे, असा खुलासा कंपनीने केला. जेफ बेझोस यांनी ही चूक असल्याचं मान्य केलं आणि ६,८९६ ग्राहकांना सरासरी ३.१० डॉलर परत दिले. हे उघडकीला आलं ते ग्राहकांनी एकमेकांना भाव सांगितल्यामुळे.

२०१२ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने दोन प्रकरणं छापली. ऑर्बिट्झ या प्रवास कंपनीला असं दिसलं होतं की ॲपलचे मॅक कॉम्प्युटर वापरणारे लोक हॉटेलवर एका रात्रीमागे २० ते ३० डॉलर जास्त खर्च करतात. मग मॅकवाल्यांना महागडी हॉटेलं वर दाखवायला सुरुवात झाली. लक्षात घ्या, त्याच खोलीचा भाव वाढवला नव्हता. फक्त क्रम बदलला होता. पण पहिल्या पाच-दहा पर्यायांच्या खाली कितीजण जातात?

दुसरं प्रकरण स्टेपल्स या स्टेशनरीच्या दुकानांचं. त्यांच्या वेबसाइटवर एकच स्टेपलर वेगवेगळ्या ठिकाणच्या लोकांना वेगळ्या भावाला दिसत होता. ग्राहकाच्या जवळ, साधारण २० मैलांच्या आत, प्रतिस्पर्ध्याचं दुकान असेल तर भाव कमी. नसेल तर जास्त. यात कुणी ‘गरिबांकडून जास्त घ्या’ असं ठरवलेलं नसेल. पण दुकानं श्रीमंत वस्तीजवळ जास्त असतात, त्यामुळे सवलतीचा भाव तुलनेने जास्त उत्पन्नाच्या भागांना मिळत होता, असं त्या पाहणीत दिसलं. तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्या माणसाने हे उदाहरण नीट वाचावं. ज्याच्याजवळ पर्याय कमी, त्याला महाग, हा हिशेब यंत्राला कुणी शिकवावा लागत नाही.

भारतातली गोष्ट: एकच रस्ता, दोन फोन

डिसेंबर २०२४ मध्ये सोशल मीडियावर फोटो फिरू लागले. दोन फोन शेजारी-शेजारी ठेवलेले, एक अँड्रॉइड, एक आयफोन. कॅबच्या ॲपमध्ये तोच प्रवास टाकलेला आणि भाडं वेगळं. आयफोनवर जास्त, असं बहुतेकांचं म्हणणं होतं. पुण्या-मुंबईतल्या अनेक मराठी तरुणांनीही हा प्रयोग करून पाहिला.

२३ जानेवारी २०२५ ला केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री प्रल्हाद जोशी यांनी सांगितलं की केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओला आणि उबर यांना नोटिसा पाठवून खुलासा मागितला आहे. दोन्ही कंपन्यांनी आरोप नाकारला. फोन कोणत्या कंपनीचा आहे हे पाहून आम्ही भाडं ठरवत नाही, असं उबरने म्हटलं. आमच्याकडे सगळ्यांना सारखंच भाडं आहे, असं ओलाने म्हटलं.

दोन फोनवरचे दोन भाव हा पुरावा वाटतो, पण तो अर्धाच असतो. कॅबचं भाडं सेकंदागणिक बदलतं. दोन्ही फोनचं लोकेशन दहा-पंधरा मीटर इकडे-तिकडे असलं तर रस्त्याची बाजू बदलते आणि अंतर वाढतं. एका खात्यावर कूपन असतं, दुसऱ्यावर नसतं. त्यामुळे असे फोटो पाहून कंपनी दोषी ठरवता येत नाही. पण मग कंपनीचा खुलासा तरी तपासायचा कसा? भाडं कसं निघालं हे ग्राहकाला दाखवलं जातच नाही.

बॅटरीची अफवाही अशीच. फोनची बॅटरी संपत आली की कॅब महाग होते, असं म्हणतात. याचं मूळ २०१६ मधल्या एका मुलाखतीत आहे. उबरच्या आर्थिक संशोधनाचे तेव्हाचे प्रमुख कीथ चेन यांनी सांगितलं होतं की बॅटरी कमी असलेले लोक वाढीव भाडं द्यायला जास्त तयार असतात, असं कंपनीला दिसलं आहे. ही माहिती भाडं ठरवायला वापरत नाही, हेही त्यांनी त्याच वेळी सांगितलं होतं. म्हणजे अफवेचा पहिला भाग खरा, दुसऱ्याला कंपनीचा नकार.

सवलतीच्या रूपात येणारा वेगळा भाव

भारतात पाकिटबंद वस्तूंवर कमाल किरकोळ किंमत, म्हणजे एमआरपी, छापावी लागते आणि तिच्या वर विकता येत नाही. त्यामुळे इथे वैयक्तिक भावाचा खेळ वरच्या बाजूने होत नाही, खालच्या बाजूने होतो. एमआरपी २,९९९, त्यावर ‘६० टक्के सूट’, त्यावर ‘फक्त तुमच्यासाठी १०० रुपयांचं कूपन’. हे कूपन कुणाला द्यायचं, इथे माणूस पाहिला जातो.

नवीन ग्राहकाला मोठी सूट मिळते. दोन महिने ॲप उघडलं नाही तर ‘तुमची आठवण येते’ म्हणून कूपन येतं. पिशवीत वस्तू टाकून सोडली की दुसऱ्या दिवशी पन्नास रुपये कमी झाल्याचा मेसेज येतो. आणि जो दर महिन्याला न चुकता, भाव न पाहता मागवतो, त्याला काहीच मिळत नाही. तो तसाही घेणारच आहे. गावातला किराणा दुकानदार जुन्या गिऱ्हाइकाला दोन रुपये सोडतो आणि वर मूठभर शेंगदाणे देतो. ॲपचा हिशेब बरोबर उलटा आहे.

कूपन मिळालं नाही म्हणून कुणी तक्रार करत नाही, कारण ते दुसऱ्याला मिळालं हे कळतच नाही. भाव वाढवला तर माणूस चिडतो, सवलत दिली नाही तर चिडत नाही. म्हणून वैयक्तिक भाव बहुतेक वेळा सवलतीचे कपडे घालूनच येतो. सेवांना तर एमआरपीही नाही. कॅब, हॉटेल, विमान, डिलिव्हरी चार्ज, प्लॅटफॉर्म फी यांना छापील कमाल किंमत नसते.

पंपापेक्षा महाग पडणारी जाहिरात

शंभर-दोनशे रुपयांचा फरक कुणाला फार वाटणार नाही. पण हीच माहिती कर्जाच्या जाहिरातींसाठीही वापरता येते आणि तिथे फरक हजारांत जातो. ज्याने गेल्या आठवड्यात ‘तातडीने पैसे’, ‘सोनेतारण’, ‘सिबिल कमी असेल तर कर्ज’ असं शोधलं, त्याला पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या ॲपच्या जाहिराती दिसू लागतात. पावसाने माल गेला किंवा घरात दवाखाना निघाला की माणूस असंच शोधतो. गरज किती तातडीची आहे हे त्याच्या शोधातून दिसतं, आणि तातडीची गरज असलेला माणूस व्याजाची घासाघीस करत नाही.

अशा ॲपनी घातलेल्या धुमाकुळानंतर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जाचे नियम कडक केले. कर्ज देणाऱ्या ॲपने फोनमधले कॉन्टॅक्ट, फोटो-फाइल, कॉल लॉग यांना हात लावायचा नाही. सगळे खर्च धरून वर्षाचं व्याज किती पडतं हे ठळक तक्त्यात आधी दाखवायचं. एखादं ॲप कॉन्टॅक्टची परवानगी मागत असेल तर तिथेच थांबावं, मग जाहिरातीत कितीही मोठ्या माणसाचा फोटो असो.

याची दुसरी बाजू म्हणजे न दिसणारी जाहिरात. अमेरिकेत फेसबुकवर घर भाड्याने देणारे लोक विशिष्ट वंशाच्या माणसांना आपली जाहिरात दिसूच नये अशी सोय वापरू शकत होते. २०१९ मध्ये तिथल्या गृहनिर्माण खात्याने कंपनीवर आरोप ठेवले आणि २०२२ मध्ये तिला सरकारशी तडजोड करून जाहिरातींची यंत्रणा बदलावी लागली. आपल्याला काय दाखवलं नाही, हे शोधून काढणं एका माणसाला जवळजवळ अशक्य आहे.

कायदा काय म्हणतो?

वैयक्तिक भावाला सरळ बंदी घालणारा कायदा भारतात नाही. पण अगदीच मोकळं रानही नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार कंपनीने अवाजवी नफ्यासाठी भावात फेरफार करायचा नाही, आणि एकाच वर्गातल्या ग्राहकांमध्ये भेदभाव किंवा ग्राहकांचं मनमानी वर्गीकरण करायचं नाही. वाद ‘एकाच वर्गातले’ या शब्दांपाशी येतो. आयफोनवाला आणि अँड्रॉइडवाला एकाच वर्गातले का? नवा ग्राहक आणि जुना? नियमात त्याचं उत्तर नाही.

३० नोव्हेंबर २०२३ ला ‘डार्क पॅटर्न’विरोधी मार्गदर्शक सूचना आल्या. ‘फक्त २ शिल्लक’ अशी खोटी घाई, पैसे भरताना शेवटच्या पानावर वाढणारी किंमत, न विचारता पिशवीत टाकलेला विमा किंवा देणगी, अशा १३ युक्त्या त्यात दिल्या आहेत.

माहितीसाठी डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला नियमांनी १८ महिन्यांची मुदत दिली आहे. १८ वर्षांखालच्या मुलांचा माग काढणं आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणं यावर हा कायदा बंदी घालतो, काही ठरावीक सवलती सोडून. पण आपल्या घरात मूल बहुतेक वेळा आईच्या किंवा आजोबांच्या फोनवर असतं, तिथे यंत्रणेला मूल दिसतच नाही.

बाहेर देशांनी थोडा वेगळा मार्ग घेतला आहे. युरोपीय संघात मे २०२२ पासून भाव यंत्राने ग्राहकाला पाहून ठरवला असेल तर तसं आधी सांगावं लागतं. न्यूयॉर्क राज्यात नोव्हेंबर २०२५ पासून अशा भावाशेजारी ‘हा भाव तुमची वैयक्तिक माहिती वापरून अल्गोरिदमने ठरवला आहे’ अशा अर्थाची पाटी लावणं बंधनकारक आहे. बंदी नाही, फक्त रुमाल थोडा वर उचलायचा.

मग करायचं काय?

सगळ्यात उपयोगाचा उपाय जुनाच आहे: भाव एकमेकांना विचारा. मोठी खरेदी असेल तर घरातल्या दोन फोनवर, दोन वेगळ्या खात्यांतून, एकाच वेळी तीच वस्तू पाहा. विक्रेता तोच आहे का, डिलिव्हरीचा पत्ता तोच आहे का, कूपन लागलंय का, हे तपासूनच तुलना करा. एकदा लॉगइन न करता ब्राउझरमध्येही पाहा. ‘इन्कॉग्निटो’ने कुकी टळतात, पण लॉगइन केलंत की तुम्ही पुन्हा तुम्हीच. आणि गावातल्या दुकानातला भाव विचारायला विसरू नका. पंप बिघडला तर दुरुस्तीला तोच दुकानदार लागतो.

अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये गूगल किंवा प्रायव्हसीच्या खाली ‘ॲड्स’मध्ये जाऊन जाहिरात क्रमांक डिलीट करता येतो. जाहिराती थांबत नाहीत, पण जुनी नोंद आणि फोन यांचा तो दुवा तुटतो. आयफोनमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मधलं ‘ट्रॅकिंग’ बंद करा. लोकेशन ‘ॲप वापरत असतानाच’ एवढंच ठेवा, शॉपिंगच्या ॲपला तर त्याचीही गरज नाही, पिनकोड पुरतो. फेसबुक आणि इन्स्टाग्रामच्या जाहिरात सेटिंगमध्ये इतर कंपन्यांकडून आलेली माहिती वापरू नका, असं सांगता येतं. तिथे आपल्याबद्दल कोणते विषय नोंदवलेत ते एकदा वाचाच. काही इतके बरोबर असतात की दचकायला होतं, आणि काही वाचून हसू येतं.

भावात फरक सापडला तर दोन्ही स्क्रीनशॉट वेळ आणि तारीख दिसेल असे काढा, वस्तूची लिंक जपून ठेवा, आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा, तिथे मराठीत बोलता येतं. त्यानेही भागलं नाही तर अहिल्यानगरचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी नाही आणि अर्ज ऑनलाइन करता येतो.

आणि एक तरतूद मराठी वाचकांसाठी. डेटा कायद्यानुसार संमती मागताना ती मजकुराची पाटी इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय ग्राहकाला द्यावा लागेल. त्या २२ भाषांत मराठी आहे. ‘आय ॲग्री’ दाबण्याआधी आपण नेमकं कशाला हो म्हणतोय, हे नेवाशातल्या फोनवर मराठीत मागता येईल.